चित्रवल्लीची फलश्रुती

यमूआत्या कादंबरीला पोथी म्हणायची, आणि तिचं म्हणणं आमच्या घरात कुणी कधी सुधारलं नाही. कशाला सुधारायचं? तिला अक्षरओळख नव्हती. पाटावर ठेवून एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ते तिच्या लेखी पोथी. मग आत देवाच्या लीला असोत की एखाद्या राजपुत्राच्या. मी वाचायला बसण्याआधी ती पुस्तकाखाली पाट मांडायची, पाटासमोर चार बोटांची रांगोळी काढायची आणि पुस्तकावर परसातलं तगरीचं फूल ठेवायची. प्रकरण संपलं की हात जोडून दोन अक्षता वाहायची. पुढे एकदा वाचनालयाच्या चिटणिसांनी अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे तक्रार केली की तुमच्या घरून आलेल्या पुस्तकांत तांदूळ निघतात, अशानं उंदीर लागतील. अप्पांनी घरी येऊन ते गंभीर चेहऱ्यानं सांगितलं आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन हसले.

कल्याणात पारनाक्यापासून दोन आळ्या आत आमचं बिऱ्हाड होतं. पुढे ओटी, मध्ये दोन खोल्या, मागे पडवी, आणि पडवीतून दिसणारा शेजारचा आंबा. अप्पा कचेरीत कारकून. दादा, माझा थोरला भाऊ, इंग्रजी शिकायला ठाण्यात राहायचा आणि शनिवारी गाडीनं घरी यायचा. राहता राहिलो आम्ही तिघी, आई, आत्या आणि मी. उन्हं कलली की पडवीत बसून आम्ही रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी करायचो. कधी तांदूळ निवडायचे, कधी चिंच फोडायची, पण माझ्या आठवणीत मात्र कायम वालच आहेत. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक चिमटीत दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळिंबी टुपकन् परातीतल्या पाण्यात पडते. त्या दोघी सोलायच्या, मी वाचायची. माझा आवाज, डाळिंब्यांची टुपटुप आणि ओटीवर अप्पांचा अडकित्ता. खाडीकडून वारा आला की आंब्याचा मोहोर पडवीत गळायचा आणि कधी एखादा तुरा पुस्तकात पडायचा. आज माझ्या नातसुनेकडे विजेचा दिवा आहे, गुळगुळीत कागदाची मासिकं आहेत, पण ती वाचते मनातल्या मनात, ओठसुद्धा हलत नाहीत. मला तर ते वाचन मुकं वाटतं बाई.

त्या वेळच्या कादंबऱ्या म्हणजे काय सांगावं! भुयारं, जादूच्या अंगठ्या, बोलणारे पोपट, समुद्राच्या पोटातले महाल. लेखकांची नावं आमच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून आम्हीच त्यांना नावं ठेवली होती. एक होते मूर्च्छावाले. त्यांची नायिका दर दोन पानांनी मूर्च्छित पडायची आणि दासी गुलाबपाणी घेऊन धावायच्या. दुसरे गुहावाले. त्यांच्याकडे कुठल्याही झाडाची फांदी ओढली की गुहेचं दार उघडलंच. मी मूर्च्छावाल्यांच्या बाजूची होते, कारण त्यांची वर्णनं मोठ्यानं वाचायला गोड लागत. दादा कट्टर गुहावाला. तो ठाण्यात ज्या घरी राहायचा तिथले चार-पाच विद्यार्थी हीच पुस्तकं वाचायचे, आणि शनिवारी दादा घरात पाऊल टाकताच ‘ठाण्याचं मत’ सांगायचा. मूर्च्छावाल्यांची नायिका एवढी पडते तर तिला वैद्याला का दाखवत नाहीत, असं ठाण्याचं मत आलं, त्या दिवशी मी त्याला ताटावर लिंबाची फोड वाढली नाही. रविवारी संध्याकाळी तो परत निघाला की कल्याणचं मत त्याच्याबरोबर जायचं, आणि ते मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतल्याशिवाय त्याला सोडायची नाही.

आईचं मत सगळ्यांहून वेगळं. ती म्हणायची की दोन्ही लेखक सारखेच अर्धवट, कारण दोघांच्याही पुस्तकात कुणी जेवत नाही. चौदा दिवस ती मुलगी रानात हिंडते, तिनं खाल्लं काय? केस कुणी धुतले? राजवाड्यात सहस्र दीप लावतात, पण चूल एक नाही. ‘पुरुषांनी लिहिलंय ना,’ ती म्हणायची, ‘त्यांना ताट समोर येतं एवढंच ठाऊक.’ आम्हाला वाल आणून देणारी पलीकडच्या गावची धाकलीबाय टोपली उतरवून घटकाभर ऐकत बसायची. तिचा राग सरळ नायकावर. “बायकूला एकलीला सोरून त्या गुहेन जावाचा काय काम व्हता त्याला?” असं ती एकदा म्हणाली. आईनं तिला डोळ्यांनी खुणावलं. आत्या खाली मान घालून सोलत राहिली. धाकलीबायला बिचारीला काही माहीत नव्हतं.

माहीत असायला हवं होतं ते असं. आत्याचं सासर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. एका चैत्रात सकाळी तिचे यजमान ‘माजिवड्याला जाऊन येतो’ म्हणून पायात वहाणा घालून निघाले. माजिवडं ते केवढ्याशा अंतरावर! पायी गेलेल्या माणसानं जेवायला परत यावं. आत्यानं डाळिंब्यांची उसळ केली, ताट मांडलं, उसळीवर झाकण ठेवलं. ते आलेच नाहीत. ना भांडण, ना तंटा, ना खाडीत कुणी सापडलं. कुणी म्हणे गोसाव्यांबरोबर दिसले, कुणी म्हणे बडोद्याकडे. वर्षभरानं अप्पांनी बहिणीला कल्याणला आणलं. तेव्हापासून ती डाळिंब्या सोलायची, उसळ करायची, सगळ्यांना वाढायची, स्वतःच्या पानात घ्यायची नाही. तिचं कुंकू मात्र ठसठशीत, आणि केस असे की सोडले तर पाटावर बसल्या बसल्या जमिनीला टेकायचे. मला तिची वेणी घालायला आवडायची. तीन पदर माझ्या मुठीत मावायचे नाहीत.

आणि त्या चैत्रात बारा वर्षं भरणार होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर तो गेला असं धरून, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असं शास्त्र सांगतं. मग बायकोचं कुंकू जातं, बांगड्या जातात, केस जातात. आत्याचे थोरले दीर, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू, त्यांचं पत्र माघातच आलं होतं की शास्त्रीबुवांना विचारून मुहूर्त ठरवायला फाल्गुनात येतो. अप्पांनी पत्र आईला हळू आवाजात वाचून दाखवलं आणि म्हणाले, शास्त्रापुढे आपलं काय चालतं? आत्याला कुणी काही सांगितलं नाही. तिला सगळं कळलं होतं. खाडीपलीकडच्या माळावर पळस लालभडक फुलला होता. काळ्या तलावावर धुणं घेऊन गेलो की आत्या त्या दिशेला पाठ करून धुवायला बसायची.

अशा वेळी अप्पांनी ‘चित्रवल्लीचरित्र’ आणलं. नावातच चरित्र, म्हणजे आत्याला तर शंकाच उरली नाही. पुस्तक जुनं होतं, शिवण ढिली झालेली, पण निघालं असं सुरेख की गुहावाले आणि मूर्च्छावाले एकत्र आले. राजपुत्र मेघांक शिकारीला म्हणून जातो, फांदी ओढतो, गुहा उघडते, मागून मिटते. त्याची राणी चित्रवल्ली नदीकाठी वाट पाहत बसते. ऋतू बदलतात, दासी म्हाताऱ्या होतात, प्रधान म्हणतात मेघांक मेला समजा, आणि ती नाही म्हणते. मी ते वाचत असताना कितीदा तरी सोलण्याचा आवाज थांबायचा. मला स्वतःला तर पडवीच दिसेनाशी व्हायची. मोहोराचा वास यायचा तो त्या नदीकाठच्या वनातला, आणि दूर शिट्टी व्हायची ती आगगाडीची नव्हे, बंद गुहेतून कुणीतरी घातलेली शीळ. पाचव्या-सहाव्या दिवशी आत्या माझी वेणी घालताना मागून म्हणाली, “ठकू, मी कौल लावलाय. पोथीत तो आला तर हे येतील. नाही आला, तर भाऊजी म्हणतील तसं.”

मी तेरा वर्षांची होते. देवाला फुलं चिकटवून कौल लावतात, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, हे मला ठाऊक होतं. पुस्तकाला कुणी कौल लावलेला ऐकला नव्हता. मी घाबरून मान वळवली, तशी तिनं माझं डोकं पुन्हा सरळ केलं आणि वेणी पुरी केली. पुढचं सगळ्यांच्या आधी चोरून वाचावं असं मनात आलं, पण पोथी पुढून वाचू नये असं तिनंच शिकवलेलं. नाही वाचलं.

समाप्तीच्या दिवशी तिनं गव्हल्यांची खीर केली, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, धाकलीबायलाही थांबवून घेतलं. वाल होतेच. अप्पा ओटीवर. मी वाचत गेले. गुहेचं दार आतून करकरलं, चित्रवल्लीनं मान वर केली, ‘आणि तिने पाहिले तो काय—’ एवढ्यावर पान संपलं. मी उलटलं. पुढे पान नव्हतं. शेवटचा सगळा गठ्ठा शिवणीतून गळून गेला होता. नुसता दोरा लोंबत होता आणि त्यापलीकडे निळा कोरा पुठ्ठा. आत्याच्या मुठीत अक्षता होत्या. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मला अजून कळत नाही की मी ते कसं केलं. थांबले नाही, एवढं खरं. निळ्या पुठ्ठ्याकडे बघत मी वाचू लागले. मेघांक गुहेतून बाहेर आला. त्याची दाढी वाढली होती, पायात वहाणा नव्हत्या. चित्रवल्लीनं त्याला काहीही विचारलं नाही, पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला आणि झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं. उसळीवरचं झाकण काढलं तर डाळिंब्यांतून अजून वाफ येत होती. तो जेवला, तृप्त झाला आणि म्हणाला की आता मी कुठे जाणार नाही. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण पोथीला फलश्रुती लागते, आणि आत्या तिचीच वाट पाहत होती. कुणी ऐकलं की काय फळ मिळतं ते सांगितल्याशिवाय पोथी पुरी होत नाही. मी देवघरातल्या पोथीची चाल धरली आणि तोंडाला येईल ते म्हटलं:

हे चरित्र जे ऐकती । त्यांची हरपली माणसे येती ।
कुंकू अढळ तयांप्रती । संशय नाही सर्वथा ॥

आत्यानं अक्षता वाहिल्या आणि बराच वेळ डोकं पाटावरून उचललं नाही. धाकलीबायनं डोळ्याला पदर लावला. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती परात उचलून आत गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओटीवरचा अडकित्ता मघापासून बंद आहे. त्या रात्री जेवताना आत्यानं सगळ्यांना उसळ वाढली आणि मग स्वतःच्या भातावर एक पळी घेतली.  अप्पांनी ताटातून मान वर केली नाही.

शनिवारी दादा आला तो दारातूनच सुरू झाला. ठाण्यात त्यांनाही ‘चित्रवल्लीचरित्र’ मिळालं होतं, पुरं, आणि ठाण्याचं मत फार वाईट होतं. मी त्याला ओढत परसात विहिरीपाशी नेलं. खऱ्या पुस्तकात मेघांक येतो, तो एकटा येत नाही म्हणे. गुहेत त्यानं नागकन्येशी लग्न लावलेलं असतं, तिला हत्तीवर बसवून वाजतगाजत आणतो, आणि चित्रवल्ली आनंदाश्रू ढाळत दोघांना ओवाळते.  मी दादाला सगळं सांगितलं, कौलासकट. मला वाटलं हा आता आत जाऊन बोलणार. मग त्यानं रहाटावरचा पोहरा सरळ केला आणि म्हणाला की यावेळी ठाण्याला काही मतच नाही. माझा भाऊ पुढे मोठा वकील झाला, पुष्कळ बोलला, पण त्याचं सगळ्यात चांगलं बोलणं मला तेच वाटतं.

त्यानंतरच्या आठवड्यात भाऊसाहेब आले. ते दुष्ट होते असं सांगायला मला आवडलं असतं, गोष्टीला बरं पडतं, पण तसं नव्हतं.  ते म्हणाले, दरवर्षी पितृपक्ष आला की मला कळत नाही, त्याला पिंड द्यायचा की त्याच्यासाठी नवस बोलायचा. एकदा मोकळं करा आम्हाला. अप्पा मान डोलावत होते. मी दाराआड उभी होते. तेवढ्यात आत्या, जी दिरासमोर कधी उंबऱ्याबाहेर आली नव्हती, ती ओटीच्या दारात येऊन उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

“भाऊजी, तो विधी व्हायचा नाही,” ती म्हणाली. “मी पोथी लावली होती, तिला कौल लावला होता. समाप्ती झाली, फलश्रुती ऐकली. माझं कुंकू अढळ आहे असं आलंय.”

भाऊसाहेब गोंधळले. “कुठली पोथी?”

“चित्रवल्लीचरित्र.”

त्यांनी अप्पांकडे पाहिलं. मला मात्र अप्पांकडे पाहवेना, कारण ते पुस्तक वाचनालयातून त्यांनी आणलं होतं आणि आदल्याच दिवशी परत केलं होतं, आणि परत करताना चिटणीस पानं तपासून घेत, म्हणजे शेवट गळालेला अप्पांना कळला असणार. मी विचार करत होते की आता पुढे होऊन खरं सांगावं. खरं सांगितलं तर न्हावी येईल. नाही सांगितलं तर देवाच्या नावानं खोटं बोलल्याचं पाप, ते माझ्या माथी.  मग अडकित्त्याचा आवाज आला, कट्. अप्पांनी सुपारी भाऊसाहेबांपुढे ठेवली.

“आहे तशी पोथी,” अप्पा म्हणाले. “मी ओटीवर बसून समाप्तीपर्यंत ऐकली आहे. यमूनं कौल लावला होता, तो उजवा पडला. आता तिच्या मनाविरुद्ध या घरात काही होणार नाही.”

अप्पांना कधी मी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि नीट पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. भाऊसाहेब जेवून गेले. जाताना त्यांनी भावजयीला लांबूनच नमस्कार केला. पळसाचा बहर त्या आठवड्यात गळून गेला असावा, कारण नंतर तलावावर गेलो तेव्हा आत्या कुठल्याही दिशेला तोंड करून बसायची.

यजमान आले नाहीत. हे सांगून टाकते, वाचणाऱ्याला उगाच लटकत ठेवायला मी काही गुहावाली नव्हे. बारा वर्षांची वीस झाली, तीस झाली. माझं लग्न झालं, योगायोगानं ठाण्यालाच. अप्पा गेले, आई गेली. शेवटची काही वर्षं आत्या माझ्याकडे होती. केस पांढरे झाले होते, तरी वेणी जाड. ती मीच घालायचे, आता माझी पाळी होती. इतक्या वर्षांत ते पाप माझ्या जिभेवर बसून होतं. एका दुपारी तिचे केस विंचरताना मला राहवेना. मी म्हटलं, आत्या, त्या पोथीचा शेवट मी मनानं केला होता. पुढे पानंच नव्हती.

ती हसली. तिचे खांदे हलले तेवढ्यावरून मला कळलं.

“अगं, मला तेव्हाच कळलं होतं. तीनशे पानांत कुणी चूल पेटवली नाही, आणि शेवटच्या पानावर डाळिंब्यांची उसळ? ठकू नाव ठेवलं ते काही उगाच नाही.”

 मी विचारलं, मग कौलाचं काय? तू तर कौल लावला होतास. ती म्हणाली की देवाचं फूल खाली पडतं तेही वाऱ्यानंच पडतं, कुणी मुद्दाम पाडलं तर तो जास्तीचा कौल. घरातल्या एकाही माणसाला माझे केस जायला नको होते, एवढं मला त्या दिवशी कळलं, ती म्हणाली, आणि तेवढंच कळून घ्यायचं होतं. मग जरा वेळानं तिनं विचारलं, खरा शेवट काय होता गं? मी नागकन्या सांगितली, हत्ती सांगितला, ओवाळणं सांगितलं. ती ऐकत राहिली. खालून रस्त्यावरून कुणी भाजीवाली ओरडत गेली.

“म्हणजे उसळ दोघांना वाढावी लागली असती,” ती म्हणाली. “आपलाच शेवट बरा. म्हण बघू परत.”

मी वेणीचे तीन पदर मुठीत घेतले आणि गुहेचं दार उघडलं तिथपासून सुरुवात केली. पुढच्या माघात ती गेली. आळीतल्या बायका कुजबुजल्या की हिला सवाष्ण म्हणायचं की काय म्हणायचं, तेव्हा कुंकवाचा करंडा मी उघडला आणि तिचा मळवट माझ्या हातानं भरला.